चाल कोणाची?

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेत माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा लिखित पाठ)



मुख्याध्यापिका बोलावयास उभी राहिली की ती शिक्षणावर बोलणार, हे आपण गृहीत धरलेले असते. आज मी मराठी संगीत नाटकांवर, आणि त्यातही त्या नाटकांतील पदांना चाली देणाऱ्या माणसांवर बोलणार आहे. विषय कळवला तेव्हा आपल्या कार्यवाहांनी मोठ्या अदबीने विचारले, ‘‘बाई, दिल्लीत हा विषय कोणाला ठाऊक असणार?’’ त्यांची शंका अस्थानी नव्हती. तरीही हा विषय दिल्लीला परका नाही, उलट तो इथूनच काही अंशी नीट दिसतो, असे मला वाटते. ते का, हे ओघात येईलच.

आपल्यापैकी काहींना ठाऊक आहे की शाळेच्या संगीत कक्षात महिन्याच्या अखेरच्या शनिवारी आम्ही काही मंडळी एकत्र जमतो. या जमण्याला आम्ही नाव दिलेले नाही. सेवानिवृत्त अधिकारी, दोन-तीन शिक्षिका, नोएडा-गुरुग्रामहून मेट्रोने येणारे पालक आणि नववीपासून पुढची, ज्यांना यावेसे वाटते ती मुले, असा हा मेळ. नियम दोनच. ज्याची पाळी असेल त्याने संगीत नाटकातील एकच पद आणावयाचे, आणि ते ऐकवण्यापूर्वी नाटक, पात्र, गायक आणि चाल देणारा यांची नावे सांगावयाची. पहिली तीन नावे तोंडावर असतात. चौथ्या नावापाशी बहुतेक जण अडखळतात. कोणी ‘पारंपरिक’ म्हणून मोकळे होतात, तर कोणी ‘बालगंधर्वांचेच की’ असे म्हणतात. त्या चौथ्या नावाच्या शोधात आमचे कित्येक शनिवार गेले, आणि आज आपल्यासमोर जे मांडते आहे ते त्या शनिवारांचेच संचित आहे.

युरोपातील ऑपेरा आणि आपले संगीत नाटक यांची तुलना नेहमी केली जाते. एका बाबतीत मात्र दोहोंची रीत अगदी उलट आहे. ‘द मॅरेज ऑफ फिगारो’ (१७८६) हा ऑपेरा कोणाचा, असे विचारले तर जगभर उत्तर येते, मोत्सार्टचा. त्याचे शब्द लोरेंझो दा पोन्ते याने लिहिले, हे नाव रसिकाला मुद्दाम सांगावे लागते. आपल्याकडे ‘स्वयंवर’ कोणाचे, तर खाडिलकरांचे; आणि त्यातली पदे कोणाची, तर बालगंधर्वांची. लेखक राहिला, गायक राहिला, आणि ज्याने स्वर दिले तो मधल्यामध्ये गळाला. तिकडेही विसर आहेच. फ्रान्चेस्का काच्चिनी नावाच्या स्त्रीने रचलेला ऑपेरा १६२५ साली फ्लॉरेन्सला सादर झाला. स्त्रीने रचलेला हा ज्ञात ऑपेरांमधील पहिला मानतात, पण तिचे नाव किती जणांना ठाऊक असते? हे नाव कृपया लक्षात ठेवा. पुढे आपल्याकडच्या एका स्त्रीपाशी पोचल्यावर त्याची आठवण होईल.

आता ‘चाल देणे’ म्हणजे नेमके काय, हे पाहू. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला. अण्णासाहेबांना या नाटकाची प्रेरणा ‘इंद्रसभा’ या नाटकाच्या पारशी मंडळीने केलेल्या प्रयोगावरून मिळाली असे सांगितले जाते. आणि ‘इंद्रसभा’ ही लखनौच्या अमानतची रचना. म्हणजे आरंभीच एक धागा उत्तरेकडे गेलेला आहे. अण्णासाहेबांनी कीर्तनातल्या साक्या-दिंड्या घेतल्या, लावण्या घेतल्या, कानडी पदांच्या चाली घेतल्या, राग घेतले. नवी धून बांधणे हे त्यांचे काम नव्हते. शकुंतलेच्या तोंडी कोणती चाल शोभेल, कण्वाच्या तोंडी कोणती, हे ठरवणे त्यांचे काम होते. जुन्या नाटकांची पुस्तके ज्यांच्या घरी आहेत त्यांनी ती उघडून पाहावीत. प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि कंसात ‘चाल’ असे लिहून एखाद्या जुन्या पदाचे, ठुमरीचे वा गझलेचे आरंभीचे शब्द छापलेले असतात. वाचकाला त्याचे काहीच वाटत नाही, तो थेट पदाकडे जातो. आम्ही मात्र त्या कंसांवर आठवडे घालवले आहेत.

पुढे श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘वीरतनय’पासून (१८९६) पारशी-गुजराती रंगभूमीवरच्या ठसकेबाज चाली आणल्या. त्या लोकप्रिय झाल्या आणि तितक्याच लवकर मागेही पडल्या. मला स्वतःला त्या फारशा रुचत नाहीत, म्हणून त्यांच्यावर अधिक बोलत नाही.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईला ‘मानापमान’ रंगमंचावर आले. शब्द कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे आणि चाली गोविंदराव टेंब्यांच्या. टेंबे (१८८१–१९५५) कोल्हापूरचे. पेटी त्यांच्या हातात होती आणि कानात अल्लादिया खाँ व भास्करबुवा बखले यांची गायकी. पण ‘मानापमाना’साठी त्यांनी धुंडाळला तो पूरबचा खजिना. ठुमरी, दादरा, कजरी. खाडिलकरांनी त्या चालींच्या मापाने शब्द बसवले. येथे थोडे थांबू या. एका श्रीमंत घरची मानी मुलगी भामिनी, तिने ज्याला दरिद्री म्हणून धुडकावले तो धैर्यधर, आणि नंतर वेष पालटून त्याच्याच छावणीत आलेली तीच भामिनी, असे हे कथानक. या मुलीच्या मनातली ओढ आणि अढी एकाच वेळी स्वरांत यावयाची, तर ख्यालाचा भारदस्तपणा उपयोगी पडत नाही. ठुमरीत मात्र एकच शब्द दहा तऱ्हांनी विनवता येतो, रुसवता येतो. टेंब्यांनी हे ओळखले. ठुमरी त्यांच्या आधीही होतीच, पण ती भामिनीच्या ओठी ठेवावयाची हे त्यांचे. रचनाकाराची प्रतिभा नव्या धुनेइतकीच या निवडीतही असते, असे मी मानते, आणि यावर आमच्या शनिवारी पुष्कळ वाद होतात.

टेंब्यांनी १९१३ मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी काढली, १९३२च्या ‘अयोध्येचा राजा’ या बोलपटाला संगीत दिले आणि त्यात हरिश्चंद्राची भूमिकाही केली. ‘माझा संगीत व्यासंग’ हे त्यांचे पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे. उत्तरायुष्यात त्यांनी ‘महाश्वेता’ आणि ‘जयदेव’ या संगीतिका रचल्या, म्हणजे ज्यांना निःशंक मनाने ऑपेरा म्हणावे अशा रचना. इतके करूनही माणूस लोकांच्या ओठी नाही.

भास्करबुवा बखले (१८६९–१९२२) यांच्याबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्यांचे नाव अगदीच विसरलेले नाही. ‘स्वयंवर’ (१९१६) मधील रुक्मिणीची पदे, यमनातले, भीमपलासातले, भूपातले, ही त्यांची. राग शिकवताना आजही संगीत शिक्षक ही पदे उदाहरणादाखल गातात, इतकी ती रागाशी एकनिष्ठ आहेत. लक्षात घ्यावयाचे ते बुवांचे शिक्षण. त्यांचे एक गुरू नत्थन खाँ आग्रा घराण्याचे. दुसरे अल्लादिया खाँ, ज्यांच्या घराण्याच्या नावात अत्रौली आहे, आणि हे अत्रौली अलीगढ जिल्ह्यात येते. गंधर्व मंडळीत तबल्याला अहमदजान थिरकवा होते, ते मुरादाबादचे. आग्रा, अलीगढ, मुरादाबाद ही गावे आपण सुट्टीत गाडी काढून जातो त्या रस्त्यांवरची. पुण्या-मुंबईच्या रसिकाला नाट्यसंगीत हे शंभर टक्के घरचे वाटते. आपण दिल्लीकर नकाशा उलट्या बाजूने पाहतो, म्हणून त्यात मिसळलेले पाणी आपल्याला दिसते. आणि देवघेव एकतर्फीही नव्हती. बुवांचे एक शिष्य पंडित दिलीपचंद्र वेदी पंजाबचे. गंधर्व मंडळीत दहा वर्षे नायकाच्या भूमिका केलेल्या विनायकराव पटवर्धनांचे शिष्य विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ मध्ये दिल्लीत गांधर्व महाविद्यालय काढले. आपल्या कित्येक माजी विद्यार्थिनी तेथे शिकल्या आहेत. बालगंधर्वांच्या रंगमंचापासून आपण किती जवळ आहोत, ते यावरून कळावे.

आता ज्या नावासाठी हे सारे बोलत आले त्या नावाकडे वळते.

(येथे ‘एकच प्याला’ नाटकातील सिंधूच्या एका पदाची बालगंधर्वांच्या आवाजातील ध्वनिमुद्रिका ऐकवण्यात आली.)

हे पद आपल्यापैकी अनेकांनी आजी-आजोबांच्या घरी ऐकले असेल. राम गणेश गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ २० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्याला प्रथम झाले. त्याच्या चार आठवडे आधी, २३ जानेवारीला, गडकरी गेले होते. नाटकातील पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांनी लिहिली. गुर्जर कथालेखक म्हणून अधिक परिचित. सिंधू बालगंधर्वांची. आणि चाली? त्या दिल्या पुण्याच्या सुंदराबाई जाधव यांनी.

सुंदराबाईंचे नाव आमच्या शनिवारी प्रथम निघाले तेव्हा खोलीतील अर्ध्या लोकांनी ते पूर्वी ऐकलेही नव्हते. बाई बैठकीच्या गायिका. लावणी, ठुमरी, दादरा, गझल असे सारे त्यांच्या गळ्यात होते. पुढे त्या मुंबई आकाशवाणीवर काम करीत. ज्यांनी प्रभातचा ‘माणूस’ (१९३९) पाहिला आहे त्यांनी नायकाची आई पाहिली आहे. ती भूमिका सुंदराबाईंची. १९५५ मध्ये त्या वारल्या. त्यांच्या स्वतःच्या ध्वनिमुद्रिकाही पुष्कळ निघाल्या. त्यांतली एक आज मी सोबत आणली आहे. आधी ती ऐकू, मग पुन्हा सिंधूचे पद ऐकू.

(येथे सुंदराबाईंची ध्वनिमुद्रिका व त्यानंतर सिंधूचे पद पुन्हा ऐकवण्यात आले.)

दुसऱ्या वेळी पद निराळे लागले ना? पहिल्या वेळी आपण बालगंधर्वांचा गळा ऐकला. दुसऱ्या वेळी, शब्द संपताना स्वर जरासा वर उचलून सोडून देणे, ओळीच्या मध्येच थबकणे, विनवणीत लपलेली तक्रार, हे सारे कोठून आले ते कानांना कळले. सिंधू ही दारुड्या नवऱ्याच्या घरात मुकाट राहणारी स्त्री. तिच्या तोंडी गझल-दादऱ्याच्या अंगाच्या चाली ठेवणे हे वरवर पाहता विपरीतच. ज्या चाली कोठ्यावर आणि बैठकीत गायल्या जात, त्या एका सोशीक गृहिणीला कशा शोभाव्यात? पण त्या शोभल्या, इतक्या की पुढे शंभर वर्षे मराठी घरांतल्या स्त्रिया त्या स्वयंपाक करताना गुणगुणत राहिल्या. सुंदराबाईंनी काय ओळखले होते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मला असे वाटते की ज्या दुःखाला घरात वाचा नव्हती त्याला बैठकीच्या गाण्यात फार पूर्वीच वाचा फुटलेली होती. बाईंनी ती उचलून सिंधूला दिली.

आणखी एक गोष्ट. त्या काळी प्रतिष्ठित मराठी रंगभूमीवर स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत. म्हणजे सिंधू ही स्त्री पुरुषाने लिहिली, तिची पदे पुरुषाने रचली, ती उभी केली पुरुषाने. त्या साऱ्या रचनेत प्रत्यक्ष स्त्रीचे असे काही असेल तर ते स्वर. आणि नेमके ते नाव गळाले. फ्लॉरेन्सच्या काच्चिनीची आठवण ठेवा म्हणाले होते, ती यासाठी. या विस्मृतीत कोणाचा दुष्टावा होता असे मी म्हणत नाही. बैठकीत गाणाऱ्या स्त्रीचे नाव नाटकाच्या जाहिरातीवर ठळक छापणे त्या समाजाला जड गेले असणार, एवढे मात्र सहज समजते.

नावे हरवण्याची इतर कारणे अगदी व्यावहारिक आहेत. ‘संगीत दिग्दर्शक’ हे पदनाम बोलपटांनी रूढ केले. नाटक मंडळीत चाल देणारा हा कधी मंडळीचा मालक, कधी पेटीवाला, कधी सन्मानाने बोलावलेले बुवा असे. चाली स्वरलिपीत उतरवल्या जात नसत, त्या तालमीत तोंडोतोंडी शिकवल्या जात. प्रयोग रात्रभर चाले, एकेका पदाला चार-चार वन्समोअर मिळत, आणि प्रत्येक वेळी गायक नवी जागा घेई. वर्षभरात पद इतके गायकाचे होऊन जाई की मूळ आराखडा कोणाचा हे विचारण्याचे कारण उरत नसे. मग तबकडी आली. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे. मधल्या गोल कागदावर गायकाचे नाव, नाटकाचे नाव, पदाचे आरंभीचे शब्द, फार तर राग. चाल देणाऱ्याला त्या कागदावर जागाच नव्हती. आणि पुढच्या पिढ्यांनी नाट्यसंगीत ऐकले ते प्रामुख्याने तबकडीवरून.

आमच्यातील एक वयोवृद्ध सदस्य, ज्यांच्या श्रवणाबद्दल मला नितांत आदर आहे, ते या शोधावर नाराज असतात. त्यांचे म्हणणे, ‘‘पद ज्याने गायले त्याचे. तुम्ही हिशेबनीसांसारख्या वाटण्या करीत बसता, त्यात ऐकणे राहून जाते.’’ त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. नावांचा सोस लागला की कान बोथट होतो, हे मीही पाहिले आहे. हल्ली नाट्यसंगीताच्या रजनीत निवेदक दोन पदांच्या मध्ये जी माहिती आणि जे विनोद ओततात ते ऐकून मलाही उठून जावेसे वाटते. पण म्हणून मूळ प्रश्न खोटा ठरत नाही. वाङ्मयाच्या तासाला मी अभंग शिकवताना तो कोणाचा हे सांगितल्यावाचून पुढे जात नाही. नावामुळे अभंग अधिक गोड होत नाही, पण मुलाला कळते की हा कोणा माणसाने, कोठेतरी बसून, काही सोसून केला आहे. पदाच्या चालीला तेवढाही मान का नसावा?

इतरांचा उल्लेख धावताच करते. रामकृष्णबुवा वझे हे सावंतवाडीच्या मुलखातून कोवळ्या वयात गाणे शिकण्यासाठी उत्तरेत भटकलेले, ग्वाल्हेरला निसार हुसेन खाँकडे शिकलेले. अनवट रागांचा भांडार म्हणावा असा माणूस. ‘रणदुंदुभी’ (१९२७) आणि ‘संन्यस्त खड्ग’ (१९३१) मधील मास्टर दीनानाथांनी गाजवलेल्या पदांमागे वझेबुवा आहेत. ललितकलादर्शसाठीही त्यांनी चाली दिल्या. त्या मंडळीचे नाटककार मामा वरेरकर पुढे राज्यसभेचे सदस्य म्हणून दिल्लीत राहिले आणि १९६४ मध्ये दिल्लीतच निवर्तले. मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर हे भास्करबुवांचे शिष्य. ‘कान्होपात्रा’ (१९३१) आणि ‘कुलवधू’ (१९४२) त्यांची. ‘वंदे मातरम्’ राष्ट्रगीत व्हावे म्हणून झिंझोटीतली आपली चाल घेऊन ते याच शहरात संविधान सभेच्या सदस्यांपुढे गाऊन दाखवीत होते, ही गोष्ट दिल्लीच्या मराठी मुलांना पाठ्यपुस्तकाआधी शाळेत कळली पाहिजे, असा माझा आग्रह असतो.

केशवराव भोळ्यांपाशी मात्र थोडे रेंगाळावेसे वाटते. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ केले. मोजकीच पदे, तीही लहान. वन्समोअरला वाव नाही. आणि गाणाऱ्या प्रत्यक्ष स्त्रिया, त्यांत ज्योत्स्ना भोळे. चाली केशवरावांच्या. सिंधूच्या पदाला चौदा वर्षे होतात तोच रंगमंचावर स्त्री आपल्या आवाजात गाऊ लागते, आणि चाल लगेच बदलते. ती कुजबुजू लागते, बोलण्याच्या जवळ येते. हा बदल मुलांना ऐकवावा, सांगू नये. आम्ही एका शनिवारी ‘एकच प्याला’ आणि ‘आंधळ्यांची शाळा’ पाठोपाठ ऐकवले. दहावीतला एक मुलगा म्हणाला, ‘‘पहिली बाई लोकांना सांगतेय, दुसरी स्वतःशी बोलतेय.’’ यावर मी काही भर घातली नाही.

गेल्या तीन वर्षांपासून नववीच्या मुलांकडून आम्ही एक तक्ता भरून घेतो. नाटक, वर्ष, पात्र, राग, ताल, कंसातली मूळ चाल, आणि शेवटचा रकाना चाल देणाऱ्याचा. माहिती आधी पेन्सिलीने लिहावयाची. दोन वेगवेगळ्या पुस्तकांत तेच नाव सापडले तरच ती शाईने पक्की करावयाची. शेवटचा रकाना बराचसा पेन्सिलीचाच आहे, काही ठिकाणी तर कोराच. मला तो कोरा पाहावयास वाईट वाटत नाही. मुलांना तेथे ‘पारंपरिक’ लिहिण्याची मुभा नाही, एवढेच.

याच तक्त्याच्या निमित्ताने घडलेली एक गोष्ट सांगते. आज आपल्या शाळेत अशी अनेक मुले आहेत ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही. काही पालकांना याची खंत वाटते, ती मला ठाऊक आहे. नववीत अशीच एक मुलगी होती. कुटुंब बनारसच्या बाजूचे. मराठीच्या तासाला ती मान खाली घालून बसे. कंसातल्या मूळ चाली वाचण्याची वेळ आली तेव्हा आमची मराठी मुले अडली, कारण ते शब्द ब्रजचे, अवधीचे, उर्दूचे, आणि तेही मराठी खिळाजुळाऱ्याच्या हातून जाताना मोडतोड झालेले. या मुलीने ते सरळ वाचून दाखवले. दादऱ्याच्या लयीत झोपाळ्याची ओढ कशी असते, सावनात तिच्या आजीच्या घरी बायका कशा गातात, हे तिने वर्गाला सांगितले; आरंभी हिंदीत, मग आपणहून मराठीत. त्या दिवसापासून कंसाचा रकाना तिच्याकडे आहे. आता ती बारावीत आहे. चार आठवड्यांपूर्वी तिने मला विचारले, ‘‘बाई, सुंदराबाईंना हे कोणी शिकवलं? आणि त्यांना?’’

साठच्या दशकात, म्हणजे आपली शाळा सुरू झाली त्याच दशकात, संगीत नाटकाला पुन्हा बहर आला. विद्याधर गोखल्यांचे ‘पंडितराज जगन्नाथ’ १९६० मध्ये आले. शहाजहानच्या दरबारातील संस्कृत पंडिताची ही कथा, म्हणजे दिल्लीचीच. संगीत वसंत देसायांचे. राम मराठे यांचे ‘मंदारमाला’ १९६३चे. जितेंद्र अभिषेकींचे ‘मत्स्यगंधा’ १९६४चे आणि ‘कट्यार काळजात घुसली’ १९६७चे. या पिढीच्या संगीतकारांची नावे लोकांना ठाऊक आहेत, कारण तोवर नाव छापण्याची रीत पडली होती. म्हणून आमचा शोध मुख्यतः त्याआधीच्या अर्धशतकाचा आहे, आणि त्या अर्धशतकाचे साक्षीदार आता राहिलेले नाहीत. उरली आहेत ती त्यांची पुस्तके आणि तबकड्या.

त्यांतल्या बऱ्याच दिल्लीत आहेत. हे ऐकून आश्चर्य वाटेल. सरकारी नोकरीत बदली होऊन जे मराठी कुटुंब लोधी कॉलनीत, सरोजिनी नगरात, रामकृष्णपुरममध्ये आले, त्याने सोबत देव आणले, पोळपाट आणला आणि कित्येकांनी लोखंडी ट्रंकेत तबकड्याही आणल्या. ग्रामोफोन बिघडला, ट्रंक पलंगाखाली गेली. गेल्या वर्षी एका माजी विद्यार्थ्याचा दूरध्वनी आला. वडील गेले, सदनिका रिकामी करावयाची होती, ट्रंक कबाडीवाल्याने वजनावर नेली होती. शाळेत असे काही चालते हे त्याला दोन दिवसांनंतर कळले. आमच्यातील दोघे जण जामा मशिदीजवळच्या जुन्या तबकड्यांच्या बाजारात तीन रविवार फिरले. ती ट्रंक मिळाली नाही.

म्हणून पालकहो आणि विशेषतः माजी विद्यार्थिमित्रहो, आपल्याकडे अशी ट्रंक असेल तर ती आम्हांला द्याच असे मी म्हणत नाही. एक दिवसापुरती शाळेत आणा. आमचे संगीत शिक्षक तबकडी पुसून, तिची नक्कल करून, तबकडी आपल्याला परत देतील. ध्वनिमुद्रण आपल्यालाही मिळेल आणि संगीत कक्षातही राहील. तबकडी आडवी रचू नका, उभी ठेवा, आणि पाण्याने धुऊ नका, मधला कागद सुटतो. नाटकाचे जुने पुस्तक असेल तर पाने कितीही तुटकी असली तरी चालतील; आम्हांला त्यातले कंस हवे आहेत. कोणा वडीलधाऱ्यांना एखाद्या पदाबद्दल ‘ही चाल अमक्यांची’ असे ऐकल्याचे स्मरत असेल, तर ते कोणाकडून व साधारण कधी ऐकले, हे एका चिठ्ठीवर लिहून पाठवा. ती नोंद तक्त्यात पेन्सिलीने जाईल.

पुढील बैठक या महिन्याच्या अखेरच्या शनिवारी, दुपारी चार वाजता, पहिल्या मजल्यावर संगीत कक्षात आहे. पाळी बारावीतल्या त्या मुलीची आहे. तिने सुंदराबाईंचीच आणखी एक तबकडी निवडली आहे. तिच्या मधल्या कागदावरची अक्षरे पुसट झाली आहेत. ज्यांची नजर चांगली आहे त्यांनी अवश्य यावे.